खडक कुणाच्या खाती?

खाडीवरचा पूल असो, बोगदा असो की कालवा, निविदा निघण्याआधी सरकारी कचेरीत दोन खुर्च्या हमखास समोरासमोर येतात. एकीवर लेखाधिकारी असते, दुसरीवर कार्यकारी अभियंता. तिला वर्षअखेरच्या हिशेबाची काळजी, त्याला पावसाळ्याआधी पाण्याबाहेर यायला हव्या असलेल्या पायाची. वाद एकच असतो. काम ठोक रकमेला द्यावं, की बाबवार दर ठरवून जेवढं होईल तेवढं मोजून पैसे द्यावेत? महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात या वादाची नावंही जुनी आहेत. बी-१ म्हणजे अंदाजपत्रकावर टक्केवारी, बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीचा वेगळा दर, सी म्हणजे ठोक. पुढे त्यात ईपीसी (रचना, खरेदी आणि बांधकाम एकाच करारात), बीओटी (बांधा-वापरा-हस्तांतरित करा) आणि हॅम (हायब्रिड अ‍ॅन्युइटी) यांची भर पडली. या दोन खुर्च्यांचं म्हणणं खाली मांडलं आहे आणि दोघांनाही पुरतं बोलू दिलं आहे. अधेमधे माझं मत येईल, ते मी लपवलेलं नाही.

लेखाधिकारी: साहेब, मला एकच आकडा हवा आहे आणि तो काम संपेपर्यंत बदलता कामा नये. बाबवार दराच्या कामात काय होतं ते माझ्या टेबलावर रोज येतं. अंदाजपत्रकात खोदाई चार हजार घनमीटर, बिलात सहा हजार. मग एक्सेसचा प्रस्ताव, मग एक्स्ट्रा आयटमची यादी, शेवटी सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता हे शब्द आपल्याला इतके लागतात की त्यांचं लघुरूप सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालंय. खोदलेल्या खड्ड्यात पाणी भरल्यावर त्याची खोली कोण मोजणार? मोजमाप पुस्तकात लिहिलंय ते खरं, आणि पुस्तक तुमच्या शाखा अभियंत्याच्या हातात. त्यात बी-२ मधली चलाखी निराळीच. जी बाब वाढणार हे ठेकेदाराला अनुभवाने कळलेलं असतं, तिचा दर तो चढा लावतो. जी होणारच नाही तिचा कवडीमोल. बेरीज सगळ्यांत कमी भरते, काम त्यालाच मिळतं आणि नंतर चढ्या दराची बाब फुगत जाते. सिंचन प्रकल्पांच्या चौकशीसाठी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमावं लागलं, २०१४ मध्ये त्याचा अहवाल विधिमंडळासमोर आला. इतकं होऊनही आपण तळ नसलेला करार करायचा? ठोक रकमेत यातलं काही नाही. रचना त्याची, परिमाणं त्याची, खडक खोल लागला तर तोही त्याचा.

अभियंता: मॅडम, चलाखीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, म्हणून तर आपल्या करारात क्लॉज ३८ आहे. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढलं की पुढच्या कामाला ठेकेदाराचा चढा दर आपोआप लागू राहत नाही, दर नव्याने ठरतो. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्हाला हवा तो आकडा ठेकेदार कशावरून काढणार? खाडीत बोअर घेतल्यावर खडकाचे दंडगोल लाकडी पेटीत ओळीने मांडतात, ती पेटी एकदा समोर ठेवून बघा. एका खणात हातभर लांबीचा अखंड काळा कातळ दिसेल. शेजारच्या खणात तीच लांबी, पण सगळा चुरा. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करून ती छेदाच्या एकूण लांबीशी ताडतात, त्या टक्केवारीवर खांबाचा पाया कुठे थांबवायचा ते ठरतं. कोकणपट्टीत बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये मऊ ब्रेशिया असतो. एका खांबाखाली बारा मीटरवर कातळ लागला म्हणून पुढच्या खांबाखाली तो एकोणीस मीटरवर नसेल असं कुणी सांगू शकत नाही. आणि आपण बोअर घेतो किती? दोन काठांवर एकेक आणि मध्ये एखादा. तेवढ्यावर आपण ठेकेदाराला सांगतो, आता एक आकडा लिही.

लेखाधिकारी: लिहू दे की. तो व्यावसायिक आहे. जोखमीची किंमत त्याने बोलीत धरावी.

अभियंता: मग हिशेब करून पाहू. समजा पूल पन्नास कोटींचा आहे. खडक खोल लागण्याची शक्यता चारात एक आणि लागला तर खर्च आठ कोटींनी वाढतो. म्हणजे जोखमीची रास्त किंमत झाली दोन कोटी. पाच जण बोली लावतात. जाणता ठेकेदार बावन्न-त्रेपन्न कोटी लिहितो. ज्याने पेटी उघडून पाहिलीच नाही, किंवा ज्याला बँकेचा हप्ता फेडायला कुठलंही काम हवंच आहे, तो लिहितो एकोणपन्नास. काम कुणाला मिळतं? सगळ्यांत कमी दर आणि ठोक रक्कम एकत्र आली की निवड नेमकी जोखीम न पाहणाऱ्याची होते. पुढे खडक खोल निघतो. दराच्या पृथक्करणात ठेकेदाराचा नफा दहा टक्के धरतात, म्हणजे त्याच्या हाताशी साधारण साडेचार कोटी आहेत आणि खड्डा आठ कोटींचा. तो मजूर कमी करतो, यंत्रं दुसऱ्या साइटवर हलवतो, रोज एक पत्र पाठवतो. आपण बँक गॅरंटी वटवतो. ती पाच टक्क्यांची असेल तर हाती अडीच कोटी येतात आणि खाडीत अर्धा पूल उभा राहतो. उरलेल्या अर्ध्या पुलाची निविदा पहिल्या भावात कधीच जात नाही. खडक त्याच्या खाती लिहिला होता, निघाला आपल्या खाती.

लेखाधिकारी: हे लहान ठेकेदाराचं झालं. पूर्वपात्रतेच्या अटी कडक करा, फार कमी दर भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घ्या, ती तरतूद आपल्याकडे आहेच. सक्षम कंपनीने सही केली की तिला शब्द पाळावा लागतो. न्यायालयही तिला सोडत नाही.

अभियंता: न्यायालय सोडत नाही, बरोबर. गुजरातमधल्या मुंद्र्याचं उदाहरण घ्या. ४००० मेगावॉटचा अतिभव्य वीजप्रकल्प, पंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार, सरासरी दर युनिटला २ रुपये २६ पैसे. खरेदीदार पाच राज्यं होती, त्यात आपला महाराष्ट्र आणि गुजरात, राजस्थान, पंजाब, हरियाणा. वीज विकणारा कुणी नवखा नव्हता, टाटा पॉवर होती. कोळसा इंडोनेशियाचा आणि दरातला मोठा भाग न वाढणारा. २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला, निर्यातीचा कोळसा जागतिक भावाशी जोडला आणि हिशेब कोसळला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने भरपाईचा मार्ग काढला, राज्यं न्यायालयात गेली. ११ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की परदेशातला कायदा बदलला ही दैवी आपत्तीही नव्हे आणि करारातल्या अर्थाने कायद्यातला बदलही नव्हे. खरेदीदार जिंकला.

लेखाधिकारी: मग? माझंच म्हणणं सिद्ध झालं.

अभियंता: कागदावर झालं. प्रत्येक युनिटमागे तोटा होत असेल तर कारखानदार निकाल मान्य करतो आणि संच बंद ठेवतो. निकालाने दिवे लागत नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेची मागणी चढली, देशातला कोळसा पुरेना, तेव्हा मे महिन्यात केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ खाली आयात कोळशावरच्या केंद्रांना पूर्ण क्षमतेने वीज करण्याचा आदेश दिला आणि कोळशाचा वाढीव खर्च दरात धरण्याची व्यवस्था केली. पाच वर्षांपूर्वी न्यायालयात जिंकलेली जोखीम वीजबिलाच्या वाटेने परत आली. तीही टंचाईच्या ऐन दिवसांत, जेव्हा घासाघीस करायची सोय नसते.

इथे मला थांबावंसं वाटतं. मुंद्र्याच्या गोष्टीतून अभियंता जे काढतो त्याच्या अर्ध्याशीच मी सहमत आहे. कंपनीला तोटा झाला की सरकारने धावून जावं असा अर्थ त्यातून निघाला तर पुढचा प्रत्येक बोलीदार कमी दर लिहून भरपाईची वाट बघेल. न्यायालयाचा निकाल योग्यच होता. चूक त्याच्या कितीतरी आधी, बोलीच्या दिवशी झाली. पंचवीस वर्षांनंतरचा परदेशी कोळशाचा भाव ना विकणाऱ्याला ठाऊक होता ना घेणाऱ्याला, तरी तो ठाऊक असल्यासारखा आकडा लिहू दिला गेला आणि कमी आकडा लिहिणाऱ्याला काम मिळालं. माझं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. जोखीम विकता येते, पण ती मोजून झाल्यावर. न मोजलेली जोखीम विकली की घेणारा ती एकतर फार महाग घेतो, किंवा न कळून फुकट घेतो. फुकट घेतलेली जोखीम घेणाऱ्याच्या खिशात मावेनाशी झाली की विकणाऱ्याच्याच दारात येऊन उभी राहते. करार कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न त्यामुळे दुसरा. पहिला प्रश्न असा, की निविदेच्या तारखेला आपल्याला काय ठाऊक आहे?

याचा सगळ्यांत ठसठशीत पुरावा आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर आहे, कारण तिथे एकच जोखीम तीन वेगवेगळ्या वेळी हाताळली गेली. ती म्हणजे वाहनांची संख्या. बीओटी पद्धतीत विकासकाने रस्ता बांधायचा, टोल घ्यायचा आणि त्यातून कर्ज फेडायचं. वीस-पंचवीस वर्षांत किती ट्रक जातील याचा अंदाज रस्ता अस्तित्वात नसताना बांधायचा होता. त्यावर जमीन ताब्यात नसताना कामं दिली गेली. काही वर्षं बोली चढ्या आल्या, मग कर्जं थकली, आणि २०१२ नंतर बीओटीच्या कित्येक निविदांना कुणी फिरकेना. २०१५ मध्ये विजय केळकर यांच्या समितीने सार्वजनिक-खासगी भागीदारीचा फेरविचार केला तेव्हा जोखमीच्या चुकीच्या वाटपावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना एकच साचा लावण्यावर टीका केली. २०१६ च्या जानेवारीत हॅम आलं. बांधकामाच्या खर्चातले ४० टक्के सरकार काम चालू असताना हप्त्यांनी देणार, उरलेले ६० टक्के विकासक उभे करणार आणि ते त्याला १५ वर्षांत व्याजासह परत मिळणार. टोल सरकारचा. म्हणजे बांधकाम आणि देखभालीची जोखीम ती सांभाळू शकणाऱ्याकडे राहिली, वाहनांची जोखीम सरकारने परत घेतली. तिसरा टप्पा मला सर्वांत बोलका वाटतो. २०१८ मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधले बांधून झालेले, टोल चालू असलेले ९ रस्ते, सुमारे ६८० किलोमीटर, तीस वर्षांसाठी टीओटी (टोल घ्या-चालवा-हस्तांतरित करा) पद्धतीने देण्यात आले. आता वाहनं मोजलेली होती, वर्षावर्षांच्या पावत्या होत्या. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने किमान किंमत ६,२५८ कोटी ठेवली होती, मॅक्वेरी या वित्तसंस्थेची बोली आली ९,६८१ कोटींची. वाहनांची जी जोखीम कुणी घेत नव्हतं, तिला रोख पैसे मिळाले. मधल्या काळात फरक पडला तो माहितीचा.

लेखाधिकारी: तुम्ही दोघं मिळून मला सांगताय की नफा खासगी कंपनीचा आणि जोखीम जनतेची. हॅममध्येही वाहनं आली नाहीत तरी हप्ता सरकारला भरायचाच. आणि खडक मोजून पैसे द्या म्हणालात की आम्ही पुन्हा मोजमाप पुस्तकापाशी आलो. प्रत्येक ठेकेदाराचा खडक खोलच निघणार. ठोक रकमेत किमान कुणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

हा आक्षेप हलका नाही. याचं उत्तर "आमच्या अभियंत्यांवर विश्वास ठेवा" असं देऊन भागणार नाही. पण आपल्याच करारात मर्जीवाचून चालणारी एक जोखीम-वाटणी आधीपासून आहे. सिमेंट, पोलाद, डांबर यांचे स्टार रेट. निविदेच्या दिवशीचा भाव कागदावर लिहिलेला असतो, पुढे भाव वर गेला तर फरक ठेकेदाराला मिळतो, खाली आला तर कापला जातो. पोलादाच्या भावावर ठेकेदाराची सत्ता चालत नाही, शाखा अभियंत्याचीही नाही, म्हणून कुणाला विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. खडकाचंही तसंच करता येतं. करारातच लिहायचं की या खांबाखाली कातळ इतक्या पातळीवर धरलेला आहे. तिथपर्यंतचं सगळं काम ठोक रकमेत, बाकी बाबींतलं कमी-जास्त ठेकेदाराचं. त्या पातळीखाली जावं लागलं तर प्रत्येक मीटरचा दर बोलीतच, सगळ्यांसमोर, स्पर्धेत ठरलेला. कातळ वर लागला तर त्याच दराने वजावट. आणि तो दर बोलीच्या तुलनेत धरायचा, म्हणजे कुणी खालच्या मीटरचा दर अवाच्या सवा लावून निसटणार नाही. मग वाद उरतो तो एका संख्येचा, आणि ती संख्या पेटीत दिसते. पेटी सीलबंद ठेवा, फोटो काढा, तिसऱ्या संस्थेकडून तपासून घ्या. पाण्याखाली गेलेल्या खोदाईपेक्षा जपून ठेवलेल्या दगडाची साक्ष केव्हाही पक्की.

लेखाधिकारी: हे मला मान्य होण्यासारखं आहे. पण मग सरळ सगळीच जोखीम आपल्याकडे का ठेवत नाही? परदेशात तसंही करतात म्हणे.

अभियंता: करतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल तसंच बांधलं. मालकाने जोखीम ठरवून स्वतःकडे ठेवली, प्रत्यक्ष खर्च दिला आणि बचत झाली तर तिच्यात वाटा दिला. २००८ मध्ये टर्मिनल उघडलं, ४.३ अब्ज पौंडांच्या अंदाजात बसलं. उघडल्यावर सामानाचा जो गोंधळ झाला तो चालवण्यातला होता, बांधण्यातला नव्हता. पण त्या मालकाकडे रोज साइटवर ठेकेदाराच्या माणसांबरोबर बसणारी स्वतःची जाणकार माणसं होती. माझ्याकडे निम्मी पदं रिकामी असतील तर प्रत्यक्ष खर्च देणारा करार मी मागणार नाही. तपासायला माणूस नसताना तो करार म्हणजे खरोखरच तळ नसलेली विहीर.

अभियंत्याने हे स्वतःहून म्हणावं हे मला महत्त्वाचं वाटतं. खरेदीदाराची ताकद हासुद्धा मोजायचाच भाग आहे. मोठ्या कार्यक्रमात, जिथे एका कामाऐवजी दहा-पंधरा पॅकेजेस असतात, तिथे ही ताकद शहाणपणाने वापरता येते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सोळा पॅकेजेसमध्ये वाटलेला. एवढं काम एकाच हाती असतं तर एका कंपनीचा आजार साऱ्या रस्त्याचा झाला असता. वाटणीचा आणखी एक फायदा आपण क्वचितच घेतो. पहिल्या पॅकेजमध्ये कळलेल्या गोष्टी पुढच्या पॅकेजच्या कराराला बदलू शकतात. अनोळखी भूगर्भाचं पहिलं काम बाबवार दराने द्या, खडक समजून घ्या, मग त्याच पट्ट्यातली पुढची कामं ठोक रकमेला काढा. साऱ्या निविदा एकाच दिवशी, एकाच साच्यात काढल्या की ही शिकवण वाया जाते.

लेखाधिकारी: कागदावर छान आहे, साहेब. प्रत्येक खांबाखाली बोअर घ्यायला सहा महिने लागतात आणि भूमिपूजनाची तारीख आधी ठरलेली असते. तेवढा वेळ कोण देणार?

वेळेचा हा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो, कारण तो तांत्रिक नाही. तरी त्याला उत्तर आहे. वेळ वाचत नाही, तो फक्त निविदेच्या आधीऐवजी नंतर खर्च होतो, आणि नंतरचा दिवस महाग असतो कारण तेव्हा क्रेन आणि बार्ज भाड्याने उभे असतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूची कोनशिला १९९९ मध्ये बसली, पाच वर्षांत आणि ६६० कोटींत तो व्हायचा होता. वाहतूक सुरू झाली ३० जून २००९ ला आणि खर्च १,६०० कोटींच्या घरात गेला. मधे आखणी आणि रचना बदलली, मच्छीमारांच्या हरकती आल्या, खटले झाले. यातली बहुतेक कारणं ठेकेदाराच्या हातातली नव्हती. जमीन, परवानगी, आखणी, जलवाहिन्या आणि वीजतारा हलवणं, ही खरेदीदाराची स्वतःची कामं आहेत आणि ती ठेकेदाराला विकून सुटता येत नाही. हॅमच्या नियमांत ८० टक्के जमीन हाती आल्याखेरीज कामाचा दिवस मोजायला सुरुवात होत नाही, ही अट बीओटीतल्या ठेचा खाऊन आली. तसाच नियम भूगर्भालाही लावावा असं माझं मत आहे. बोअर पूर्ण नाहीत तर निविदा नाही.

असे नियम बदलता येतात. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदीच्या सूचना सुधारल्या. गुणवत्तेला महत्त्व असलेल्या कामांत बोली तोलताना किमतीखेरीजच्या बाबींना ३० टक्क्यांपर्यंत भार देता येतो आणि चालू बिलातले ७५ टक्के दहा कामकाजी दिवसांत देण्याचं बंधन आहे. ठेकेदाराचा पैसा अडवून त्याला आजारी करणं हीसुद्धा खरेदीदाराने स्वतः निर्माण केलेली जोखीमच असते, म्हणून ही दुसरी सूचना मला पहिलीहून मोलाची वाटते. ३ जून २०२४ ला त्याच मंत्रालयाने सांगितलं की सरकारी करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नये, साधारणपणे दहा कोटींखालच्या वादांपुरतं ठेवावं. मोठे वाद यापुढे मध्यस्थीत किंवा न्यायालयात जाणार. करारात जे संदिग्ध राहील त्याची किंमत त्यामुळे वाढली आहे.

लेखाधिकारी: ठीक आहे. पातळी करारात लिहा, खालच्या मीटरचा दर बोलीत मागवा, वजावटीचं कलम विसरू नका. आणि सर्व बोअरचा तक्ता जोडल्याशिवाय मसुदा माझ्याकडे पाठवू नका.

अभियंता: बोअरच्या खर्चाला मंजुरी द्याल?

लेखाधिकारी: आजच.

पुलांच्या आणि रस्त्यांच्या निविदा आता महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर असतात, त्या पाहायला ठेकेदार असावं लागत नाही. आपल्या तालुक्यात पूल होणार असेल तर निविदेची कागदपत्रं उघडून किती खांब आहेत आणि किती बोअर घेतले आहेत एवढ्या दोनच संख्या पाहा. त्या जुळत नसतील तर काम सुरू होण्याआधी, भूमिपूजनाच्या मांडवात, तो प्रश्न जरूर विचारा.